निवडणुकीपुरते सरकार: बांगलादेशातील ‘तत्त्वावधायक’ व्यवस्थेची पार्श्वभूमी

शेख हसीना यांना 5 ऑगस्ट 2024 रोजी ढाका सोडावे लागले, तेव्हा आपल्याकडील बहुतेक बातम्यांनी त्याचे मूळ सरकारी नोकऱ्यांमधील आरक्षणाविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनात दाखवले. ते खरेच आहे. पण एका नोकरभरतीच्या प्रश्नावरून पंधरा वर्षांची सत्ता काही आठवड्यांत का कोसळली, हे त्यातून उलगडत नाही. त्यासाठी ‘निवडणूक होत असताना सत्तेवर कोणी असावे’ या तीन दशकांहून जुन्या वादाकडे जावे लागते.

या वादाच्या केंद्रस्थानी असलेल्या व्यवस्थेला बंगालीत ‘तत्त्वावधायक सरकार’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘काळजीवाहू सरकार’ हा शब्द वापरला जातो, पण त्याने घोटाळा होतो. राजीनामा दिलेले मंत्रिमंडळ नवे सरकार येईपर्यंत कारभार पाहते, त्याला आपण काळजीवाहू म्हणतो. बांगलादेशातील कल्पना याच्या नेमकी उलट आहे: मावळत्या मंत्रिमंडळाने पूर्णपणे बाजूला व्हायचे आणि कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या व्यक्तींनी नव्वद दिवसांत निवडणूक घेऊन सत्ता विजयी पक्षाकडे सोपवायची.

अशी व्यवस्था मागण्याची वेळ का आली, हे त्या देशाच्या पहिल्या दोन दशकांत दिसते. मार्च 1973 मधील पहिल्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या (पुढे त्यांची कन्या हसीना यांच्या) अवामी लीगला 300 पैकी 293 जागा मिळाल्या आणि दोन वर्षांच्या आत, जानेवारी 1975 मध्ये, चौथ्या घटनादुरुस्तीने एकपक्षीय राजवट आली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली. पुढे झियाउर रहमान आणि त्यांच्यानंतर 1982 मध्ये बंड करून आलेले हुसेन मोहम्मद इर्शाद, या दोन्ही लष्करशहांनी मतपेटीचा उपयोग हाती असलेल्या सत्तेवर शिक्का मारून घेण्यासाठी केला. झियांच्या 1977 च्या सार्वमतात जवळपास 99 टक्के मते त्यांच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले. सत्तेवर असलेला निवडणूक हरतच नाही, हा धडा नागरिकांनी या वर्षांत गिरवला, आणि तो पुढे पुसला गेला नाही.

10 नोव्हेंबर 1987 रोजी ढाक्यात नूर हुसेन हा तरुण छातीवर ‘हुकूमशाही नष्ट होवो’ आणि पाठीवर ‘लोकशाही मुक्त होवो’ अशा अर्थाचे शब्द रंगवून मोर्चात उतरला आणि गोळीबारात मारला गेला. त्यानंतर तीन वर्षांनी, 6 डिसेंबर 1990 रोजी, इर्शाद यांना पायउतार व्हावे लागले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या विरोधी आघाड्यांचे त्या क्षणी एकमत झाले, ते सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांच्या नावावर. त्यांनी फेब्रुवारी 1991 मध्ये निवडणूक घेतली, सत्ता झियाउर रहमान यांच्या पत्नी बेगम खालिदा झिया यांच्या हाती दिली आणि ते ठरल्याप्रमाणे न्यायासनावर परत गेले. या साऱ्या इतिहासातील सर्वांत स्वच्छ पान हेच आहे, असे मला वाटते. मात्र ती एकदाच केलेली तडजोड होती. घटनेत तिला कायमचे स्थान नव्हते.

मार्च 1994 मध्ये मागुरा येथील पोटनिवडणुकीत खालिदा झिया यांच्या सत्ताधारी बीएनपीने (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीने) गैरप्रकार केल्याचा आरोप झाला आणि अवामी लीगने निःपक्ष सरकारची मागणी लावून धरली. डिसेंबर 1994 मध्ये विरोधी सदस्यांनी संसदेचे सामूहिक राजीनामे दिले. हरताळ आणि रास्ता रोको यांनी देश महिनोन्‌महिने ठप्प होत राहिला. प्रमुख विरोधी पक्षांनी बहिष्कार घातलेली फेब्रुवारी 1996 ची निवडणूक बीएनपीने जिंकली खरी, पण ती संसद जेमतेम काही दिवस टिकली आणि तिने केलेले महत्त्वाचे काम एकच: तेरावी घटनादुरुस्ती. तिच्यानुसार नुकत्याच निवृत्त झालेल्या सरन्यायाधीशांनी ‘मुख्य सल्लागार’ व्हायचे, ते न जमल्यास त्यांच्या आधीच्या सरन्यायाधीशांनी, अशी उतरंड ठरली; सर्व पर्याय संपल्यास हे पद राष्ट्रपतींनीच सांभाळायचे होते. या व्यवस्थेखाली जून 1996 मध्ये अवामी लीग आणि ऑक्टोबर 2001 मध्ये बीएनपी जिंकली. दोन्ही वेळा मावळता सत्ताधारी पक्ष हरला, आणि दोन्ही वेळा हरलेल्याने कुरकुर करीत का होईना, सत्ता सोडली.

पण या उपायातच एक दोष दडलेला होता. कोणता न्यायाधीश केव्हा निवृत्त होतो, यावर पुढच्या निवडणुकीची देखरेख अवलंबून राहू लागली, आणि जो अविश्वास मतपेटीभोवती होता तो न्यायालयाच्या दाराशी येऊन पोहोचला. 2004 मध्ये बीएनपी सरकारने न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय 65 वरून 67 केले. त्यामुळे निवडणुकीच्या वेळी शेवटचे निवृत्त सरन्यायाधीश के. एम. हसन हेच ठरत असल्याने मुख्य सल्लागारपद त्यांच्याकडे जाणार होते आणि त्यांचा पूर्वी बीएनपीशी संबंध होता, असा अवामी लीगचा आक्षेप होता. ऑक्टोबर 2006 च्या अखेरीस ढाक्याच्या रस्त्यांवर रक्त सांडले. हसन यांनी पद नाकारले, मधले पर्याय ओलांडून राष्ट्रपती इयाजुद्दीन अहमद यांनी ते स्वतःकडे घेतले, आणि अखेर 11 जानेवारी 2007 रोजी लष्कराच्या दबावाखाली आणीबाणी जाहीर झाली. नव्वद दिवसांसाठी असलेली व्यवस्था फखरुद्दीन अहमद यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ दोन वर्षे चालली. त्या काळात दोन्ही प्रमुख नेत्या तुरुंगात होत्या. छायाचित्रांसह नवी मतदारयादीही त्याच काळात झाली आणि डिसेंबर 2008 च्या मतदानाला त्या यादीचा मोठा उपयोग झाला.

त्या निवडणुकीत प्रचंड बहुमत मिळवलेल्या हसीना यांनी ज्या व्यवस्थेसाठी एके काळी देश बंद पाडला होता, तीच 2011 मध्ये मोडीत काढली. सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागाने 10 मे 2011 रोजी चार विरुद्ध तीन मतांनी तेरावी घटनादुरुस्ती रद्दबातल ठरवली. निवडून न आलेल्यांनी राज्य करणे लोकशाहीशी विसंगत आहे, हा युक्तिवाद तत्त्व म्हणून हलका नव्हता. मात्र त्या दिवशीच्या संक्षिप्त आदेशात पुढील दोन निवडणुका जुन्या पद्धतीने घेण्यास वाव ठेवला होता. संपूर्ण निकालपत्राची वाट न पाहता संसदेने दोनच महिन्यांत पंधरावी घटनादुरुस्ती केली आणि तो वाव बंद केला.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. बीएनपीच्या बहिष्कारामुळे 5 जानेवारी 2014 च्या निवडणुकीत 300 पैकी 153 जागा बिनविरोध गेल्या, म्हणजे मतदान सुरू होण्याआधीच बहुमत ठरले होते. डिसेंबर 2018 मध्ये बीएनपी उतरली, तर मतपेट्या आदल्या रात्रीच भरल्याचे आरोप झाले. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा बहिष्कार झाला. 2008 नंतर मतदार झालेल्या तरुण पिढीने सरकार बदलू शकणारी निवडणूक पाहिलीच नव्हती. जुलै 2024 मध्ये रस्त्यावर उतरलेले विद्यार्थी याच पिढीचे होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या उठावात 1400 पर्यंत माणसे मारली गेली असावीत.

डिसेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने पंधराव्या घटनादुरुस्तीचे काही भाग, त्यातही निःपक्ष सरकार रद्द करणारी तरतूद, घटनाबाह्य ठरवली. नोव्हेंबर 2025 मध्ये अपील विभागाने 2011 चा आपलाच निकाल फिरवून ही व्यवस्था पुनरुज्जीवित केली. मात्र लगेच येणारी निवडणूक हसीना यांच्यानंतर आलेल्या मोहम्मद युनूस यांच्या हंगामी सरकारच्याच देखरेखीखाली व्हावी आणि ही व्यवस्था त्यानंतरच्या निवडणुकीपासून लागू व्हावी, असे ठरले. पुनरुज्जीवित झालेल्या त्या तरतुदींमध्ये मुख्य सल्लागारपदासाठी पहिले नाव आजही शेवटच्या निवृत्त सरन्यायाधीशांचेच आहे.