अस्वलाच्या नावातला 'व'

2021 साली अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या रशियन टेनिसपटू दानिल मेदवेदेवच्या आडनावात एक अस्वल लपलेलं आहे. रशियनमध्ये अस्वल म्हणजे 'मेद्वेद', आणि मेदवेदेव म्हणजे अस्वलाचा, अस्वलाच्या घरचा. झेक, स्लोव्हेन, क्रोएशियन या बहीणभाषांतही हाच शब्द थोड्याफार फरकाने सापडतो. पोलिशमध्ये सुरुवातीच्या 'म'चा 'न' झाला, तर युक्रेनियन लोकांनी दोन अर्ध्यांची अदलाबदल करून 'वेद्मिद्' केलं.

या सगळ्यांची तुलना करून अभ्यासकांनी मूळ रूप बांधलं: *मेद्वेदि. शब्दाआधीची चांदणी सांगते की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. रशियन आणि तिच्या या बहिणींना, म्हणजे स्लाव्ह भाषांना, लिपी मिळाली नवव्या शतकात. हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.

शब्दाची फोड करताना मात्र बहुतेक जण फसतात. मेद म्हणजे मध, हे उघडच दिसतं. उरलं 'वेद'. रशियनमध्ये 'वेदात्' म्हणजे जाणणं. आपल्या 'वेदा'चाच सख्खा भाऊ. म्हणजे मध कुठे आहे ते जाणणारा? कल्पना गोड आहे, पण चुकीची.

इथे शाळेतलं व्याकरण कामाला येतं. मधासाठीचा जुना शब्द उकारान्त होता, संस्कृत 'मधु'सारखाच. दुसरा भाग 'खाणं' या अर्थाचा धातू, म्हणजे आपला 'अद्'. उकारापुढे विजातीय स्वर आला की उकाराचा 'व' होतो. मनु + अंतर = मन्वंतर, तसंच हे. चक्क यण् संधी! तो 'व' वेदाचा नव्हेच, मधाचा आहे. अस्वल म्हणजे मध खाणारा.

पण सरळ नाव सोडून असं वर्णन का? मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि स्लाव्ह भाषांच्या समान पूर्वज भाषेत, अस्वलाला स्वतःचं नाव होतं. संस्कृत 'ऋक्ष', ग्रीक 'आर्क्तोस', लॅटिन 'उर्सुस' ही त्याचीच रूपं. स्लाव्ह भाषांनी ते हरवलं. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1906 मध्ये याचा संबंध शब्दांवरच्या बंदीशी जोडला: जंगलात नाव घेतलं की ते जनावर समोर उभं राहणार, ही भीती. आपल्याला हे नवं नाही. रात्री साप म्हणायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली'. फक्त तिकडे आडून घेतलेलं नावच टिकलं आणि खरं नाव विसरलं गेलं.

गंमत म्हणजे हाच समास ऋग्वेदातही आहे. पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात झाडावर बसलेले 'मध्वदः सुपर्णाः' येतात, म्हणजे मध खाणारे पक्षी. संस्कृतात अस्वलाचं जुनं नाव शाबूत होतं, त्यामुळे मध खाणारा हा शब्द पाखरांसाठी मोकळा राहिला.