क्युप्रोरिव्हाइट : नावाचा घोळ आणि निळ्या रंगाची गोष्ट

वाळू, चुना, तांबं आणि खार (अल्कली) एकत्र भाजून ‘इजिप्शियन ब्लू’ हा प्राचीन कृत्रिम निळा रंग कसा करत, हे वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून ते इथे पुन्हा उगाळत नाही. गुंता त्याच्या नैसर्गिक जुळ्या भावाचा, म्हणजे क्युप्रोरिव्हाइट या खनिजाचा आहे.

कृत्रिम रंगाची रासायनिक घडण १८८९ सालीच कळली होती : कॅल्शियम ऑक्साइड एक भाग, तांब्याचं ऑक्साइड एक भाग, सिलिका चार भाग. तेच संयुग इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या दगडात सापडल्याचं वर्णन थेट १९३८ मध्ये आलं, आणि तिथेच गाडी घसरली. नमुन्यात क्वार्ट्झ (सिलिकाचंच खनिज) मिसळलेलं होतं. पृथक्करणात ते धरलं गेल्याने सूत्र चुकलं. त्या चुकीच्या सूत्रावरून हे खनिज म्हणजे ‘रिव्हाइट’ या तेव्हा खनिज मानल्या गेलेल्या पदार्थाचा तांबेधारी प्रकार ठरलं आणि नाव पडलं क्युप्रोरिव्हाइट. पुढे रिव्हाइट हे स्वतंत्र खनिजच नव्हे, ते वोलास्टोनाइट (कॅल्शियम आणि सिलिकाचं एक खनिज) आणि काच यांचं मिश्रण आहे, असं निघालं. म्हणजे ज्याच्या नात्याने बारसं झालं, ते नातेवाईकच खोटे! १९६२ च्या फेरतपासणीत सूत्र दुरुस्त झालं. नाव तसंच ठेवलं गेलं. रुळलेलं नाव बदलू नये हा संकेत समजण्यासारखा आहे, पण इथे तो जरा जास्तच मानला गेला असं वाटतं. भट्टीतल्या रंगाचं सूत्र सत्तर वर्षं हाताशी असताना डोंगरातल्या खनिजाचं चुकीचं सूत्र दोन तपं चालावं, हेही नवलच.

निळाई येते ती एकाच पातळीत चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या तांब्यामुळे. (पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हॅन्साइट हे खनिजही निळंच, पण ते व्हॅनेडियम या धातूमुळे.)

खनिज म्हणून याचे स्फटिक बारीक आणि दुर्मीळ. संग्राहकांपलीकडे फारशी मागणी नाही. मागणी वाढली ती भट्टीतल्या रंगाला, गेल्या दोन-तीन दशकांत. दृश्य प्रकाश टाकला की हे संयुग ९१० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्त प्रकाश सोडतं. त्यामुळे डोळ्यांना कोऱ्या दिसणाऱ्या प्राचीन संगमरवरी मूर्तींवरचे या रंगाचे कण अवरक्त कॅमेऱ्यात पांढरेशुभ्र चमकतात. नक्षीदार पृष्ठभागावरचे बोटांचे ठसे उठवण्यासाठीही ही भुकटी वापरून पाहिली गेली आहे. हे सगळे प्रयोग अर्थात भट्टीतल्या मालावर होतात. व्हेसुव्हियसचा दगड त्यासाठी कोणी फोडत नाही.