अपडाऊनमधली कादंबरी

हिशेब करून बघितला तर कादंबरी फारच स्वस्त पडते. रोज ३०० शब्द, म्हणजे वहीची दीड-दोन पानं. असे २०० दिवस लिहिलं की ६०,००० शब्द होतात, आणि तेवढ्यात मध्यम आकाराची कादंबरी आरामात बसते. उरलेले १६५ दिवस गणपती, नवरात्र, दिवाळी, उत्तरायण, लग्नं आणि आजारपणांना देऊन टाकले तरी चालतं. बडोद्यात ते द्यावेच लागतात. गरब्याच्या नऊ रात्रींत इथे कुणी वही उघडून बसलं, तर घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतील.

तरीही अर्धवट कादंबऱ्या घरोघरी पडून आहेत. विचारलं की उत्तर ठरलेलं: नोकरीत वेळच मिळत नाही. हे अर्धंच खरं आहे. चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवत, संस्थानचं दफ्तरही सांभाळत, आणि चिमणराव त्यांच्या हातून लिहिला गेलाच. पण चिमणरावाच्या गोष्टी सुट्या आहेत, एक संपली की संपली. कादंबरी एका बैठकीत आटपत नाही. आज उठल्यापासून उद्या बसेपर्यंत तिला कुठेतरी राहावं लागतं, आणि तिची राहण्याची सोय लावणं हे मिनिटं वाचवण्याहून अवघड आहे.

कागदावर आलेला भाग सुरक्षित असतो. प्रश्न न लिहिलेल्या भागाचा. पुढच्या प्रसंगात कुणाला काय ठाऊक आहे, कोण कुणापासून काय लपवतंय, दिवसाची वेळ कोणती, निवेदनाचा सूर कसा, हे सगळं लिहिताना एकदम हाताशी लागतं. आणि मनाची ही ‘हाताशी’ ठेवण्याची जागा भलतीच तोकडी आहे. कार्यकारी स्मृतीवरच्या संशोधनाचा मोठा आढावा नेल्सन कोवन यांनी २००१ साली घेतला, तेव्हा ती साधारण चार गोष्टींपुरती असते असा त्यांचा निष्कर्ष होता. मग लोक ४०० पानांची कादंबरी लिहितात कसे?

याचं एक उत्तर वाचनाच्या प्रयोगांतून मिळतं. माणूस वाचत असताना त्याला मध्येच थांबवून भलत्याच कामाला लावलं, तर परत आल्यावर पहिलं वाक्य तो थोडं सावकाश वाचतो, पण समजण्यात फारसा फरक पडत नाही. अँडर्स एरिक्सन आणि वॉल्टर किंच यांनी १९९५ साली याचं स्पष्टीकरण दिलं. वाचता वाचता गोष्टीचा आराखडा दीर्घकालीन स्मृतीत बांधला जातो, आणि समोरचा मजकूर तो खूण पटवल्यासारखा पुन्हा वर आणतो. कार्यकारी स्मृतीत फक्त खुणा ठेवायच्या, बाकीचा पसारा आत गोदामात.

इथून पुढचं माझं अनुमान आहे. वाचकाला खूण पटवणारा मजकूर समोर तयार असतो, तर लेखकाचं पुढचं पान कोरं असतं. म्हणून वाचक तीन आठवड्यांनी पुस्तक उघडून सुखाने पुढे जातो, आणि लेखक तीन आठवड्यांनी वही उघडून मागची ६० पानं वाचतो, त्यात चार शब्द बदलतो, आणि घड्याळ बघून उठतो. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत ज्यांनी नोकरी केलीय त्यांना हे चटकन समजेल. बंद केलेलं युनिट बटण दाबून चालू होत नाही. ते पुन्हा चढवण्यातच मोठा वेळ जातो. ‘रविवारी निवांत सहा तास बसू’ हा बेत बहुतेक वेळा त्या चढवण्यातच संपतो. बैठक किती तासांची, यापेक्षा दोन बैठकींत किती दिवस गेले, हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. राहतात बडोद्याच्या दांडिया बाजारात, नोकरी भरूचला, रोजचं अपडाऊन. संस्थानी काळातल्या एका कारकुनाच्या घराण्यावर त्यांची कादंबरी चाललीय. ७० किलोमीटरचा प्रवास, जागा मिळाली तर पाऊण तास हातात. मियागाम करजण, पालेज अशी स्टेशनं मागे पडतात, आणि नबीपूर आलं की, वाक्य कितीही रंगात असो, त्या लिखाण थांबवतात. पुढची मिनिटं फक्त दोन ओळींसाठी: आत्ता कुठे आहोत, आणि उद्या पहिलं वाक्य कशाबद्दल. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

प्रयोगशाळा मात्र याच ठिकाणी वेगळ्या वाटेने पोचली. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं की एक काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं, तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो आणि दुसरं काम बिघडतं. पुढे २०१८ साली त्यांनी थेरेसा ग्लाँब यांच्याबरोबर उपायही तपासला. काम सोडण्याआधी ‘कुठवर आलो, परतल्यावर काय करायचं’ एवढंच थोडक्यात लिहून ठेवलेल्यांनी मधलं काम जास्त चांगलं केलं. म्हणजे नबीपूरच्या दोन ओळींचा पहिला लाभार्थी कादंबरी नसून ऑफिस आहे! कादंबरीचा फायदा दुसऱ्या संशोधनातून दिसतो. एरिक आल्टमन आणि ग्रेगरी ट्रॅफ्टन यांच्या प्रयोगांत, व्यत्यय येणार अशी काही सेकंदांची सूचना मिळालेली माणसं परतल्यावर लवकर कामाला लागत, कारण तेवढ्यात ती पुढच्या पायरीची खूण मनात पक्की करून ठेवत.

लेखनाच्या कार्यशाळांत हमखास सांगितला जाणारा झायगार्निक परिणाम मी इथे मुद्दाम बाजूला ठेवलाय. अपुरी कामं पुऱ्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे १९२७ सालचं निरीक्षण पुढच्या प्रयोगांत सगळीकडे टिकलं नाही. झायगार्निक यांच्याच बर्लिनमधल्या संशोधक-गटातल्या मारिया ओव्हसियांकिना यांनी नोंदवलेली गोष्ट, अपुरं काम संधी मिळताच पुन्हा हाती घ्यावंसं वाटणं, जास्त भक्कम निघाली. वाक्य अर्ध्यात सोडून उठल्याने उद्या बसण्याची ओढ लागेल, पण काय लिहायचं होतं ते आठवेलच असं नाही. तेव्हा त्या दोन ओळी हव्यातच.

मग प्रतिभा, स्फुरण वगैरेचं काय? शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली व्यावसायिक लेखक आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्याकडून रोजच्या कल्पनांची नोंद घेतली. त्यातल्या सुमारे एक पंचमांश कल्पना हातातलं काम वेगळंच असताना, मन भटकत असताना आलेल्या होत्या. त्या इतरांपेक्षा श्रेष्ठ होत्या असं दिसलं नाही, पण अडलेला पेच सुटण्याचा अनुभव त्यांच्यात जास्त होता. काळा घोड्याच्या सिग्नलवर स्कूटर उभी असताना तिसऱ्या प्रकरणाची गाठ सुटते ती अशी. अर्थात गाठ आधी पडलेली पाहिजे. महिनाभर कादंबरीकडे बघितलेलं नसेल, तर सिग्नलवर भाजीची यादीच सुचणार.

उरलेल्या चार पंचमांशांसाठी बसावंच लागतं. रॉबर्ट बॉइस यांनी १९८० च्या दशकात प्राध्यापकांवर एक छोटा, काहीसा निर्दय प्रयोग केला. एका गटाने रोज ठरल्याप्रमाणे लिहायचं. नाही लिहिलं तर आपल्याला अजिबात न आवडणाऱ्या संस्थेला आपला धनादेश जाणार. मनाला येईल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा या गटाची पानं जास्त झाली, हे ओघानेच आलं. पण त्यांना नव्या कल्पनाही जास्त सुचल्या. माणसं मोजकी होती आणि लेखन ललित नव्हतं, त्यामुळे यावर मी फार मोठी इमारत बांधणार नाही. धनादेशाची कल्पना मात्र आमच्या मंडळात काहींना फार आवडली.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, हे ऐकीव आहे. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात (२०१०) ९६ जण होते. मध्यक निघाला ६६ दिवसांचा, पसारा १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, असंही दिसलं. पण तिथल्या सवयी फळ खाणं, पाणी पिणं, चालायला जाणं अशा होत्या. कादंबरी त्याहून हट्टी असणार. सुरुवातीच्या २०० दिवसांच्या हिशेबावरही फार विसंबू नये. कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा करायला सरासरी ३४ दिवस लागतील म्हटलं आणि लागले ५५ हून जास्त. सगळं बिनसलं तर किती, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तरसुद्धा ४९ च्या आतबाहेर होतं.

आणि बैठक रोज मोडते कशाने, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. ‘पहाटे उठून लिहा’ हा सल्ला बहुतेक दुसऱ्या गटातून येतो, पहिल्या गटात पहाट आधीच डब्यांना गेलेली असते. पीटर गोलविट्झर यांचं ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं नेमकं ठरवण्याचं तंत्र अनेक अभ्यासांत उपयोगी ठरलंय, पण घरात ते एकट्याने ठरवून भागत नाही. बाईंना परतीच्या गाडीत बहुधा उभंच राहावं लागतं, म्हणून त्यांनी संध्याकाळचा अर्धा तास मागून घेतला. ठराव असा: गाडी विश्वामित्रीला आली की फोन करायचा, आणि फोन आला की मुलाने कुकर लावायचा. पहिला आठवडा सलग कढी-खिचडी झाली. दुसराही. तिसऱ्यात मुलगा म्हणाला, “आई, शेवटाकडे कधी येतेयस?” त्या म्हणाल्या, “अजून कारकुनाचं लग्न व्हायचंय. तू तोवर डाळढोकळी शीक.”