जंगली डेलिया ओळखायचा, तर फूल उलटं करून बघा

दसरा-दिवाळीच्या दिवसांत विदर्भातल्या गावोगावी शाळेच्या कुंपणाला आणि घरांच्या अंगणात केशरी-पिवळा कॉसमॉस फुललेला दिसतो. बागेतल्या डेलियाच्या पूर्वजांपैकी एक मानली जाणारी रानटी जात, डेलिया कॉक्सिनिया, समोरून जवळपास अशीच दिसते: आठेक पाकळ्या आणि मधे पिवळा गोंडा. दोन्ही मेक्सिकोकडची, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. म्हणून ‘जंगली डेलिया’ म्हणून मिळालेलं बी खरंच त्याचं आहे का, हे पाकळ्या मोजून कळत नाही.

फूल उलटं करा. डेलियाच्या फुलामागे छोट्या पानांसारख्या छदांच्या दोन ओळी असतात. बाहेरची हिरवी, जाडसर आणि फूल उमलल्यावर बहुधा मागे वळणारी. आतली पातळ, उजेडात धरली तर आरपार दिसणारी. कॉसमॉसलाही दोन ओळी असतात, म्हणून पानही बघावं. कॉसमॉसचं पान बारीक चिरलेलं, तर डेलियाची पानं रुंद आणि दातेरी कडांची. खरा निकाल बी देतं. कॉसमॉसच्या बीला लांब चोच असते, डेलियाचं बी चपटं आणि बिनचोचीचं.

दुसरा घोळ जास्त अवघड आहे. बागेतल्या डेलियाच्या बियांपासूनही एकेरी फुलांची रोपं येतात, आणि तीच पुष्कळदा जंगली म्हणून हातोहात फिरतात. बागेतला डेलिया संकरातून झालेला, 64 गुणसूत्रांचा, त्यामुळे त्याची पिल्लं एकमेकांसारखी निघत नाहीत. कॉक्सिनियात ती सहसा 32 असतात. तिचा रंग पिवळ्यापासून केशरी ते गडद लाल एवढाच. वाफ्यात पांढरी किंवा जांभळी फुलं आली, तर ते बी बागेतलंच समजावं.

जमिनीखालची खूण मला सगळ्यात आवडते. कॉसमॉस वर्षभरात संपतो. डेलिया मुळांत अन्न साठवून राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं आयोडीन बटाट्याच्या चकतीवर टाकलं की ती निळी-काळी पडते, कारण बटाट्यात स्टार्च असतो. डेलियाच्या मुळाची चकती तशी निळी होत नाही, थेंब तपकिरीच राहतो. तिथला साठा स्टार्चचा नसून इन्युलिन नावाच्या दुसऱ्याच कर्बोदकाचा असतो. आणखी एक फरक लावणीच्या वेळी नडतो: बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या मुळाला एकही नाही. डोळा असतो तो वर, खोडाच्या बुडाशी. मान मोडलेलं मूळ कितीही टपोरं असलं तरी त्याला कोंब फुटत नाही.

लागवडीचं म्हणाल, तर त्याचं वेळापत्रक आपल्याला परकं नाही. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबरात येतो, झाड पावसात वाढतं, कोरड्या दिवसांत वरून मरतं आणि जमिनीत झोपतं. नागपूर 21 अक्षांशावर, मेक्सिकोतलं ग्वादालाहाराही त्याच्या आसपास. म्हणजे दिवसाची लांबी दोन्हीकडे सारखीच. दिवस बारा तासांखाली आला की झाड मुळं पोसायला लागतं. अडचण उंचीची आहे. ही झाडं डोंगराळ भागातली, थंड रात्रींची. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटरवर. त्यात आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि मुळं सडवते.

म्हणून वावरात थेट पेरू नये. जुलैत छपराखाली कुंडीत बी टाकावं आणि पोळ्यानंतर, पावसाचा जोर ओसरला की, मुरूम-वाळू मिसळलेल्या गादीवाफ्यावर रोपं लावावीत. दुपारनंतर सावली येईल अशी जागा बरी. झाड वाळलं की मुळांचा झुबका मानेसकट उपसून कोरड्या वाळूत, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवावा. मे महिन्यात पाणी घालण्याचा मोह टाळावा. तापलेल्या ओल्या मातीत मूळ कुजतं.

बी हवं असेल तर दोन वेगळ्या रोपांची फुलं लागतात, कारण स्वतःच्या परागावर ते सहसा बी धरत नाही. जवळ बागेतला डेलिया असेल, तर बियांच्या शुद्धतेची खात्री नाही.

सुमारे 1,100 मीटर उंचीच्या चिखलदऱ्यात हे झाड विदर्भात सगळ्यात खूश राहील. पण तिथे अंगणाला लागून मेळघाटचं जंगल आहे. परदेशी झाड तिथे मोकळं सुटू नये म्हणून सुकत आलेली फुलं बी पिकण्याआधीच खुडावीत, आणि उपसलेली मुळं ओढ्याकाठी किंवा धुऱ्यावर टाकू नयेत.