डबा फोडण्याआधी एकदा दुकानात या
(शोकेसमधला रणगाडा रिमोटवर चालवू इच्छिणाऱ्यांसाठी)

आमचं दुकान मुळात शेतीपंपाच्या मोटारींचं वायंडिंग भरायचं. एका तान्ह्या पोळ्याच्या तोंडावर एक आजोबा नातवाचा लाकडी नंदी घेऊन आले. म्हणाले, "दोरी न ओढता चालला पाहिजे." नंदी चालला. दुसऱ्या वर्षी त्याच आजोबांच्या फौजेतून सुट्टीवर आलेल्या मुलानं प्लास्टिकचा टी-७२ रणगाडा आणला, आणि शोभेच्या रणगाड्यात मोटार-रिमोट बसवायचं हे काम आमच्या गळ्यात पडलं. आता प्रत्येक गिऱ्हाईकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून हा कागद.

सगळ्यात आधी हे: जोडून, रंगवून, गोंद वाळलेला रणगाडा आणू नका. खालचं-वरचं अंग चिकटलेलं असतं, चाकं आसाला कायमची बसलेली असतात, आणि ती सोडवताना तुमची महिनाभराची रंगाची मेहनत आमच्या हातून खराब होते. तो कपाटात शोभतो, तिथंच राहू द्या. चालवायचा असेल तर दुसरा किट (सुट्या भागांचा डबा) घ्या आणि डबा तसाच घेऊन या.

बाजारात मिळणारे बहुतेक रणगाडे १:३५ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. हा आकडा कुठल्या लष्करी हिशेबातून आलेला नाही. जपानच्या तामिया कंपनीनं १९६१ मध्ये मोटारीवर चालणारा पँथर काढला. पोटात दोन बॅटऱ्या मावतील एवढं अंग ठेवलं, आणि ते माप पुढं सगळ्यांनी उचललं. म्हणजे स्थिर मॉडेलचं हे माप जन्मलं चालत्या खेळण्यातून. त्या कंपनीच्या जुन्या साच्यांच्या कित्येक किटमध्ये तळाला स्विच-मोटारीची भोकं अजून दिसतात. लोक ती बुजवतात. आम्हाला असं किट दिसलं की आनंद होतो.

आत जागा किती? टी-७२ च्या दोन पट्ट्यांमधली (चाकांवरून फिरणाऱ्या साखळ्यांमधली) जागा या मापात साधारण ६ सेंटीमीटर. आम्ही एन-२० नावाची गिअरवाली मोटार वापरतो: १२ मिलीमीटर रुंद, १० उंच, गिअरसकट सुमारे २५ लांब. दोन मोटारी पाठीला पाठ लावल्या की जेमतेम बसतात. प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र मोटार लागतेच, कारण रणगाड्याला पुढची चाकं वळवून वळता येत नाही. जीप किंवा ट्रक असेल तर एक मोटार आणि पुढच्या चाकांना एक छोटा सर्व्हो (हव्या त्या कोनात वळून थांबणारी मोटार) पुरतो. ते काम सोपं आणि स्वस्तही.

"मोटार जोरदार टाका" असं बहुतेक जण सांगतात. टाकत नाही. खरा टी-७२ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर जातो. त्याला ३५ नं भागा, सेकंदाला ४८ सेंटीमीटर आले. सहा व्होल्टला मिनिटाला ३०० फेरे लिहिलेली एन-२० एका लिथियम सेलवर (३.७ व्होल्ट) १८५ च्या आसपास फेरे घेते. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचा घेर सुमारे ६ सेंटीमीटर धरला तर वेग सेकंदाला १८-१९ सेंटीमीटर पडतो, म्हणजे खऱ्या रणगाड्याचे ताशी २३ किलोमीटर. शेतातून जाणारं ४० टनांचं धूड असंच दिसतं. त्याहून पळवला की तो उंदरासारखा दिसतो.

खरा घोळ चाकांचा आणि पट्ट्यांचा आहे, आणि आमचे निम्मे दिवस त्यातच जातात. किटमधली चाकं नुसती दिसण्यासाठी असतात. काहींच्या आत मऊ प्लास्टिकची टोपी असते, तशी चाकं सहज फिरतात. नसेल तर भोक मोठं करून पितळी नळी बसवतो आणि आत पोलादी आस. कडीकडी चिकटवून करायचे पट्टे चालत्या गाडीला उपयोगाचे नाहीत. रबरासारखे एकसंध पट्टे चालतात, पण त्यांचा सांधा साध्या गोंदानं धरत नाही. आम्ही तो बारीक दोऱ्यानं शिवून आतून पक्का करतो. ताण मात्र ढिलाच ठेवतो. पट्टा तट्ट ओढला तर दिसायला छान, पण मोटार तापते आणि पुढच्या चाकाचा आस वाकतो. शिवाय जुने रबरी पट्टे प्लास्टिकला चिकटून चाकं विरघळवतात, तेव्हा वर्षभर न चालवता ठेवणार असाल तर पट्टे काढून ठेवा.

वळण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून विचारतो. खरा टी-७२ एक पट्टा हळू करून किंवा थांबवून वळतो; सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा दोन्ही पट्टे उलटसुलट फिरवून जागच्या जागी गिरकी घेऊ शकतो. आमच्या सर्किटात दोन्ही जमतं. फौजेतले लोक पहिलंच मागतात, पोरं दुसरं. बुरुज (वरचा तोफेचा भाग) छोट्या सर्व्होवर अर्धा गोल फिरतो. पूर्ण गोल हवा असेल तर खर्च वाढतो आणि तारा पिळल्या जातात.

सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३.३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. चार्जिंग आम्ही बसवलेल्या पिनेवरच करा. मे महिन्यात दुपारी तर मुळीच नको: ४५ अंशांवर लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं, आणि आपल्याकडं पत्र्याच्या खोलीत तेवढं सहज होतं. पहाटे लावा, उशाशी नको, फुगलेला सेल परत वापरू नका. बंद गाडीच्या काचेमागं उन्हात मॉडेल ठेवलं तर अंगच वाकतं.

दिवाळीनंतर आमच्याकडं येणारी निम्मी दुरुस्ती एकाच कारणानं येते: रुई. घरात कापूस साठवलेला असतो, त्याचे तंतू आसाभोवती गुंडाळत जातात आणि एक दिवस मोटार जागच्या जागी गुरगुरते. चिमटा घ्या, उलट फिरवून सोडवा. तेल घालू नका, तेलावर रुई आणखी बसते. फरशी आणि सारवलेली ओसरी ठीक. काळ्या मातीत १:३५ चा रणगाडा दोन हातसुद्धा जात नाही. अंगणात फिरवायचाच असेल तर १:१६ च्या मापाचं बोला.

तोफेच्या नळीतून छर्रे उडतील असं करून देण्याचं काम आम्ही करत नाही, कितीही आग्रह करा.

काम ठरल्यावर अंदाज लिहून देतो, निम्मा विसार घेतो, साधारण तीन आठवडे लागतात. काढलेले सुटे भाग पिशवीत घालून परत मिळतील. पोळ्याआधीचे आठ दिवस रणगाडे घेत नाही. तेव्हा नंद्यांची रांग असते.