ऑगस्टमधलं मत: मिशिगनमधली काँग्रेसची प्रायमरी, पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

दर दोन वर्षांनी जुलै उजाडला की डेट्रॉईटच्या आमच्या उपनगरांत एकच चित्र असतं. शाळांना सुट्टी असते, निम्मी मराठी घरं कुलूप लावून पुण्या-मुंबईला गेलेली असतात, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली प्रायमरी कुणाच्या ध्यानीमनीही नसते. नोव्हेंबरात हीच मंडळी सहकुटुंब मतदानाला जातात, छातीवर स्टिकर लावून फोटो काढतात. पण अमेरिकेतले बरेचसे मतदारसंघ कुठल्या ना कुठल्या पक्षाकडे इतके झुकलेले आहेत की तिथला खासदार ऑगस्टमध्येच ठरून जातो. नागरिकत्वासाठी पंधरा-वीस वर्षं थांबलेल्या माणसांनी यातलं अर्धं मत वाया घालवू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही सगळी माहिती एका जागी लिहून ठेवते आहे. नियम मिशिगनचे आहेत. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचे नियम वेगळे पाहावेत, कारण प्रायमरीच्या बाबतीत प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी आहे.

प्रायमरी म्हणजे नक्की काय

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे तिकीट. ते पक्षश्रेष्ठी देतात, एबी फॉर्म हातात पडला की माणूस पक्षाचा अधिकृत उमेदवार. इथे तो एबी फॉर्म मतदार देतात. एकाच पक्षाचे चार, सहा, नऊ इच्छुक एकमेकांविरुद्ध उभे राहतात, आणि त्यांच्यातला कोण नोव्हेंबरात पक्षाकडून लढणार हे आपण मत देऊन ठरवतो. (काँग्रेस म्हणजे इथली संसद. तिच्या खालच्या सभागृहात ४३५ जागा आहेत, त्यातल्या १३ मिशिगनच्या.)

या मताचं वजन किती, ते आपल्याच माणसाच्या उदाहरणावरून कळतं. श्री ठाणेदार बेळगावात वाढले, मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत आले. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉईटचा मोठा भाग असलेल्या १३ व्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उभे राहिले. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि तेवढ्यावर ते जिंकले, कारण मिशिगनमध्ये प्रायमरी जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत, सगळ्यात जास्त मतं पुरतात. नोव्हेंबरात त्यांना सुमारे ७१ टक्के मतं पडली. खरी चुरस कुठे होती, ते हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं.

कोण मत देऊ शकतं

अमेरिकेचं नागरिकत्व हवं. मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं. नाव मात्र साडेसतराव्या वर्षीच नोंदवता येतं. ज्या शहरात किंवा टाउनशिपमध्ये मत द्यायचं तिथे निदान ३० दिवस राहत असलं पाहिजे. तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याला मत देता येत नाही, शिक्षा संपली की येतं.

नागरिकत्वाच्या अटीवर मी थोडी जास्त थांबणार आहे. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. एच-वन (नोकरीचा व्हिसा) असो की ग्रीन कार्ड, मतदार म्हणून नाव नोंदवूच नका. इथे गाडीचं लायसन्स सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्याच्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात मिळतं आणि मतदार नोंदणीही तिथेच होते. रांगेत, घाईघाईत, समोरच्या पडद्यावर 'हो' दाबलं जाणं अशक्य नाही. आपण नागरिक असल्याचं खोटं विधान, ते नजरचुकीने झालं तरी, पुढे फार महागात पडू शकतं. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का, हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. आणि नागरिक नसताना मत देणं हा तर केंद्रीय कायद्याने गुन्हाच आहे. शंका आली तर तिथल्या तिथे सांगा: मी नागरिक नाही, माझी नोंदणी करू नका.

मत नसलं तरी ग्रीन कार्डवाल्यांना उमेदवाराला देणगी मात्र देता येते. २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीमागे ३,५०० डॉलर ही मर्यादा आहे, आणि प्रायमरी व नोव्हेंबरची निवडणूक या दोन वेगळ्या धरल्या जातात. एच-वन, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांना देणगीही देता येत नाही.

उलट बाजूचा गोंधळ ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा. त्यात 'सिटिझन' हा शब्द असला तरी त्याने भारतात मताधिकार मिळत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर भारताचं संपतं. गावच्या यादीत नाव अजून राहिलं असेल, तर फॉर्म ७ भरून ते काढून घ्यावं.

नाव नोंदवताना

मिशिगनमध्ये मतदाराला पक्ष नोंदवावा लागत नाही. तुम्ही डेमोक्रॅट की रिपब्लिकन, हे सरकारी यादीत कुठेच लिहिलेलं नसतं, आणि ऑगस्टच्या प्रायमरीत कुणी विचारतही नाही. 'आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही, मग आम्हाला कसं चालेल?' असं म्हणून घरी बसणारे मला दर वेळी भेटतात. चालतं. प्रायमरी सगळ्यांसाठी खुली आहे.

ऑनलाइन किंवा टपालाने नोंदणी मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत होते. प्रायमरी ऑगस्टमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. २०२६ मध्ये ती ४ ऑगस्टला, म्हणून नोंदणीची ही मुदत २० जुलै. मिशिगनचं लायसन्स किंवा स्टेट आयडी असेल तर ऑनलाइन काम पाच मिनिटांत होतं. नसेल तर कागदी अर्जावर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे द्यायचे. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र जोडावं लागत नाही, आपण नागरिक आहोत असं सहीनिशी लिहून द्यायचं असतं.

मुदत हुकली तरी दार बंद होत नाही. शेवटचे १४ दिवस, अगदी मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत, नाव नोंदवता येतं. फक्त त्यासाठी आपल्या शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्कच्या, म्हणजे निवडणुकीचं काम पाहणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, ऑफिसात स्वतः जावं लागतं. मतदान केंद्रावर ही नोंदणी होत नाही, ही चूक बरेच जण करतात. सोबत राहत्या पत्त्याचा पुरावा हवा: मिशिगन लायसन्स, विजेचं किंवा पाण्याचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, पगाराची स्लिप किंवा सरकारी कागद. त्यावर तुमचं नाव आणि आत्ताचा पत्ता हवा. फोनवर दाखवलेली प्रत चालते. बिलं बहुतेक घरांत एकाच्याच नावावर येतात, त्यामुळे नवरा-बायको दोघांनी आपापल्या नावाचा कागद आधीच शोधून ठेवावा.

घर बदललं असेल तर लायसन्सवरचा पत्ता बदला. मतदार यादीतला पत्ता त्याबरोबर आपोआप बदलतो.

दोन रकाने, आणि त्यातली गफलत

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. मागच्या एका प्रायमरीत मैत्रिणीच्या सासूबाई पहिल्यांदा मत देणार होत्या. मतपत्रिका घरी आली होती. डायनिंग टेबलावर कागद पसरून, चष्मा लावून, काळ्या बॉलपेनाने त्यांनी एकेक अंडाकृती खूण इतकी नीट भरली होती की रेषेबाहेर शाई कुठे गेली नव्हती. काँग्रेससाठी डावीकडच्या रकान्यातल्या पक्षाचा माणूस, गव्हर्नरसाठी उजवीकडच्या रकान्यातल्या पक्षाचा. 'जो चांगला वाटला त्याला दिलं,' त्या म्हणाल्या. विचार अगदी सरळ होता, आणि पक्षांच्या भागातली त्यांची सगळीच मतं बाद ठरणार होती.

ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही मोठ्या पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. कुठलाही एक निवडा आणि शेवटपर्यंत त्याच रकान्यात राहा. दोन्हींत खुणा केल्या की पक्षांच्या भागातलं एकही मत मोजलं जात नाही. पक्षाशी संबंध नसलेली पदं आणि स्थानिक करांचे प्रस्ताव यांवरची मतं मात्र मोजली जातात. केंद्रावर मशीन अशी मतपत्रिका परत बाहेर काढतं, त्यामुळे नवी मागून घेता येते. घरून पाठवलेली असेल तर सांगायला तिथे आपण नसतो. पाकीट बंद करायच्या आत चूक लक्षात आली तर क्लार्कच्या ऑफिसला लगेच फोन करून नवी मतपत्रिका कशी घ्यायची ते विचारा. सासूबाईंनी तेच केलं. दुसरी मतपत्रिका त्यांनी पहिलीइतक्याच निगुतीने भरली.

ऑगस्टमध्ये एका पक्षाच्या रकान्यात मत दिलं म्हणून नोव्हेंबरात त्याच पक्षाला द्यायचं बंधन नसतं. कुणाच्या नावापुढे काय आहे ते आधी पाहायचं असेल, तर मिशिगन व्होटर इन्फॉर्मेशन सेंटरच्या संकेतस्थळावर आपल्या पत्त्याची नमुना मतपत्रिका दिसते. ती घरी शांतपणे वाचून ठेवा.

भारतात जाणार असाल तर

घरून मत द्यायला मिशिगनमध्ये कारण सांगावं लागत नाही. मतपत्रिका मतदानाच्या ४० दिवस आधीपासून मिळतात, म्हणजे २०२६ च्या प्रायमरीसाठी साधारण २५ जूनपासून. जुलैचं तिकीट असेल तर निघण्याआधी क्लार्कच्या ऑफिसात जा, तिथेच अर्ज करा, मतपत्रिका घ्या, भरा आणि देऊन या. तासाभराचं काम आहे. बॅगा भरायच्या यादीत पासपोर्टच्या खाली हे एक लिहून टाका.

टपालाने मागवायची असेल तर अर्ज मतदानाआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत पोचायला हवा, पण तोवर थांबू नका. भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत क्लार्ककडे पोचलीच पाहिजे. फक्त पोस्टाचा शिक्का त्या दिवशीचा असून भागत नाही. परतीचं टपाल भरलेलं असतं, ठिकठिकाणी ड्रॉप बॉक्सही असतात. पाकिटावरची सही विसरू नका आणि ती नेहमीसारखीच करा. आपल्यातले कित्येक जण बँकेत इंग्रजी सही करतात आणि घरच्या कागदावर मराठी. सही जुळली नाही तर क्लार्क कळवतात, आणि मतदानानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत ती दुरुस्त करता येते. कायमच्या यादीत नाव घातलं तर दर निवडणुकीला मतपत्रिका आपोआप घरी येते.

जे नागरिक सध्या भारतातच राहतात, म्हणजे आईवडिलांकडे पाहायला गेलेले किंवा नोकरीनिमित्त पुण्यात असलेले, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. फेडरल पोस्ट कार्ड अ‍ॅप्लिकेशन नावाचा अर्ज भरायचा. तो दर वर्षी नव्याने भरावा. मतपत्रिका ४५ दिवस आधी, हवी तर ईमेलने येते. ती छापून, भरून टपालानेच परत पाठवायची. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर पुढच्या सहा दिवसांत पोचलेली चालते. भारतातून टपालाला किती वेळ लागतो हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा आली की लगेच रवाना करा.

केंद्रावर

ठरलेल्या दिवशी केंद्रं सकाळी ७ ते रात्री ८ उघडी असतात, आणि ८ वाजता जो रांगेत आहे त्याला मत देऊ द्यावंच लागतं. त्याआधी सलग नऊ दिवस लवकर मतदान असतं. २०२६ ला २५ जुलै ते २ ऑगस्ट. दोन शनिवार-रविवार त्यात येतात, त्यामुळे कामाचं निमित्त उरत नाही. लायसन्स किंवा अमेरिकी पासपोर्ट असं फोटो ओळखपत्र न्या. विसरलात तर एका प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येतं. उमेदवाराचं नाव असलेला टी-शर्ट किंवा टोपी घालून जाऊ नका, केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही.

आईला इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलगा किंवा मुलगी तिच्याबरोबर आत जाऊन मदत करू शकते. केंद्रीय कायद्याने तो मतदाराचा हक्क आहे; फक्त मदतनीस ती जिथे काम करते तिथला मालक किंवा तिच्या युनियनचा माणूस नसावा. वाचून दाखवा, खूण ती सांगेल तिथे करा, आणि आपलं मत तिच्यावर लादू नका.

उभं राहायचं असेल तर

काँग्रेसच्या खालच्या सभागृहासाठी घटनेच्या अटी तीनच: वय २५, नागरिकत्वाला ७ वर्षं, आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य. जन्म इथलाच हवा अशी अट नाही. मिशिगनमध्ये पक्षाच्या प्रायमरीत नाव यायला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या किमान १,००० आणि जास्तीत जास्त २,००० सह्या गोळा कराव्या लागतात, सोबत ओळखीचं प्रतिज्ञापत्र. २०२६ साठी मुदत २१ एप्रिल, दुपारी ४. प्रचाराचा जमा-खर्च ५,००० डॉलरच्या वर गेला की केंद्रीय निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी लागते.

सह्यांचं काम हलक्यात घेऊ नये. २०२४ मध्ये ठाणेदारांच्या विरोधात उभे राहू पाहणारे अ‍ॅडम हॉलियर यांच्या सह्यांपैकी ८६३ च वैध ठरल्या आणि त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलं नाही. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक खोट्या सह्यांपायी बाद झाले. पैसे देऊन गोळा करून घेतलेल्या सह्याही उमेदवाराने स्वतः तपासून घ्याव्यात.

इतकी मोठी उडी नको असेल तर त्याच मतपत्रिकेवर तळाशी आणखी एक पद असतं, प्रीसिंक्ट डेलिगेट. आपल्या भाषेत बूथचा प्रतिनिधी. पक्षाच्या अधिवेशनात आपल्या वस्तीचा आवाज पोचवणारा माणूस तो. यासाठी ना सह्या लागतात ना पैसे, फक्त एक प्रतिज्ञापत्र; २०२६ साठी ते ५ मे रोजी दुपारी ४ च्या आत काउंटी क्लार्ककडे द्यायचं. कित्येक बूथवर या पदासाठी कुणाचंच नाव छापलेलं नसतं. आमच्या बूथवरची ती रिकामी जागा मी प्रत्येक ऑगस्टमध्ये पाहते.