महामार्ग-दुभाजक आणि बंद लोहमार्गांवरची प्रादेशिक रेल्वे

नव्याने भूसंपादन शक्यतो टाळून, महामार्गाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात म्हणजे दुभाजकात, किंवा बंद पडलेल्या अथवा मालगाड्यांपुरत्या उरलेल्या लोहमार्गाच्या जागेवर प्रवासी रेल्वे नेण्याची पद्धत. मोठे शहर आणि भोवतालची गावे जोडणाऱ्या मार्गांसाठी ती विशेष वापरली जाते. रूळ टाकण्यापेक्षा जमीन मिळवणे अवघड, आणि शेकडो जमीनमालकांशी चालणारे दावे प्रकल्प वर्षानुवर्षे रखडवतात. या दोन्ही जागा बहुधा एकाच मालकाच्या, पुष्कळदा सरकारच्याच ताब्यात असतात. म्हणून दोन्हींचा उल्लेख एका दमात होतो, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. जुना लोहमार्ग गावात नेतो. महामार्ग मुळातच गाव टाळण्यासाठी बांधलेला असतो.

दुभाजकातल्या रेल्वेचे जुने उदाहरण शिकागोचे. तिथे 1958 मध्ये काँग्रेस द्रुतगती मार्गाच्या मध्यातून शहरी गाड्या धावू लागल्या. पुढे 1969 मध्ये डॅन रायन मार्गावरही तेच झाले. या स्थानकांची अडचण फलाटावर उभे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. दोन्ही अंगांनी वाहने सुसाट जातात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि बाहेर पडायला आधी पुलावर चढून अनेक मार्गिका ओलांडाव्या लागतात. पायी येण्याजोग्या अंतरातली बरीचशी जमीन रस्ता आणि त्याचे चढउतार-रस्तेच खाऊन टाकतात, तेव्हा स्थानकाला लागून वस्ती वाढणार कुठे?

ऑस्ट्रेलियातल्या पर्थने यावर तोड काढली. जूनडलपकडे जाणारा मार्ग 1992 मध्ये मिचेल फ्रीवेच्या दुभाजकातून सुरू झाला, तर 2007 मध्ये सुमारे 70 किलोमीटरचा मँड्युरा मार्ग आला, त्याचा उत्तरेकडचा भाग क्विनाना फ्रीवेच्या मधून जातो. स्थानके लांब लांब ठेवली, गाड्यांना ताशी 130 किलोमीटरपर्यंतचा वेग दिला आणि अनेक ठिकाणी बसथांबे थेट फलाटाच्या डोक्यावरच्या पुलावर आणले. प्रवासी बसमधून उतरतो आणि सरकत्या जिन्याने गाडीपाशी पोचतो. चालत येणारे कमी, हे मान्य करून केलेली ही आखणी आहे. दुभाजकातला मार्ग यशस्वी ठरतो तो बहुतेक असा, पूरक बसच्या जोरावर. नुसती रिकामी जागा दिसली म्हणून रूळ टाकले तर रिकाम्या गाड्या धावतात.

तांत्रिक अडचण चढाची. डोंगराळ भागात मोटारी पाच-सहा टक्क्यांचा चढ सहज घेतात. साध्या रेल्वेला दोन टक्क्यांच्या आसपासच थांबलेले बरे. वळणांचेही तसेच. शिवाय पुलांचे खांब नेमके दुभाजकात उभे असतात.

जुन्या लोहमार्गावर चढ आणि वळणे आधीच रेल्वेच्या बेताची असतात. गाडी बंद होऊन पन्नास वर्षे झाली तरी भराव, मोऱ्या आणि नदीतले दगडी खांब टिकून राहतात. पण पट्टा सलग राहतोच असे नाही. ब्रिटनमध्ये तोट्यातले लोहमार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या 1963 च्या बीचिंग अहवालानंतर अनेक मार्ग बंद झाले आणि त्यांची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. स्कॉटलंडमधला वेव्हर्ली मार्ग 1969 मध्ये बंद पडला. त्याचा एडिनबरा ते ट्वीडबँक हा भाग 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात एडिनबरा शहराचा बाह्यवळण रस्ता जुन्या मार्गाला छेदून गेला होता, त्यामुळे नवे रूळ त्याच्याखालून न्यावे लागले. नवा मार्ग बहुतांशी एकेरी आहे, काही पूलही एकाच रुळापुरते बांधले. त्यामुळे गाडीला उशीर झाला की समोरून येणारीही खोळंबते. ही काटकसर दूरदृष्टीची म्हणता येणार नाही.

अमेरिकेत 1983 च्या कायदादुरुस्तीने वापरात नसलेला पट्टा पायवाट म्हणून राखून ठेवण्याची सोय केली. गरज पडल्यास तिथे रेल्वे परत आणता येते. कागदावर हे सोपे आहे. मात्र सायकलींच्या आणि फिरायला येणाऱ्यांच्या सवयीची झालेली सावलीची वाट परत मागायला गेले की विरोध ठरलेलाच.

दोन्ही पद्धती एकाच प्रवासात पाहायच्या तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याची रेल रनर ही प्रवासी रेल्वे घ्यावी. ती 2006 मध्ये सुरू झाली आणि 2008 च्या डिसेंबरात सँटा फेपर्यंत पोचली. अल्बुकर्कहून ती आधी जुन्या रुळांवरून येते. ला बाहादा या उंच कड्याचा महामार्गावरचा चढ रेल्वेला झेपणारा नाही, म्हणून तो भाग टाळून ती वेगळ्या वाटेने वर येते आणि मगच आंतरराज्य महामार्ग 25 च्या दुभाजकात शिरते. शेवटचा टप्पा 1880 मध्ये बांधलेल्या फाट्याच्या जुन्या पट्ट्याचा. दुभाजकातल्या स्थानकावर उतरणाऱ्याला पुढे मोटार नाहीतर बस लागते. शेवटच्या स्थानकावर उतरणारा चालत बाजारात जातो.